अर्ध्या गोट्याचे पूर्ण पैसे: एस्कोनाइट्स जीवाश्म, काही महिने वापरल्यावर

मेझन क्रीकचे गोटे म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मिळणारे, पोटात जीवाश्म असू शकणारे दगडी गोळे, हे इथल्यांना माहीत असेलच. मी घेतलेली वस्तू: इलिनॉयमधल्या कोळसा खाणीच्या मातीतून निघालेला, सुमारे ३१ कोटी वर्षं जुना समुद्री कृमी, एस्कोनाइट्स. आपल्या सोलापूरच्या काळ्या दगडात असलं काही मिळायचं नाही, तो सगळा लाव्हा. म्हणून शिकवणीतल्या पोरांसाठी मागवला.

गोटा फुटला की दोन भाग होतात. एकात ठसा, दुसऱ्यात त्याचाच उलटा ठसा. मला एकच भाग आला! विक्रेता म्हणतो, फोटोत एकच होता. अहो, अर्धी चादर फाडून पूर्ण किमतीला विकून दाखवा आमच्या चाटी गल्लीत.

वर ट्यूबलाइटखाली काही दिसेना. तपकिरी दगडावर फिकट पट्टा, बस. पोरं म्हणाली, "सर, ह्यात काय हाय?" मी दोनच तारे देणार होतो. मग एका रात्री लाइट गेली, मोबाइलची बॅटरी टेबलावर आडवी ठेवलेली, आणि तिरप्या उजेडात अंगाचं एकेक वलय उठून आलं. कडेला केसासारखे राठ काटेसुद्धा! नदीच्या गाळात चटकन पुरला गेला, कुजताना भोवती लोह कार्बोनेट साचून गोटा झाला, म्हणून एवढं टिकलं. चार तारे.

सोबत न फोडलेले गोटे स्वस्तात घेतले होते. थेट हातोडा मारू नका, कसाही फुटतो. पाण्यात भिजवा, फ्रीजरमध्ये गोठवा, बाहेर काढा, आपसूक दुभंगेपर्यंत पुन्हा तेच. बायको म्हणाली, "पाहुण्यांना सरबतात बर्फ घालू का दगड?" नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तेच पाणी पुन्हा वापरलं. बरेचसे गोटे रिकामे निघाले. एकात मात्र फुगीर डाग, एसेक्सेला नावाच्या समुद्री प्राण्याचा. याला वर्षानुवर्षं जेलीफिश म्हणायचे, २०२३ मध्ये संशोधकांनी समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) ठरवलं. तिकडचे लोक हे फेकून देतात म्हणे. माझ्याकडे दोन्ही भाग आहेत, जपून ठेवलेत.

कृमीचा दुसरा भाग मागितला तर उत्तर आलं, तो आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला. म्हणजे एका किड्याचे दोनदा पैसे! एक तारा परत कापला. तो भाग तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कळवा. टपालखर्च निम्मा-निम्मा.