जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, म्हणजे अधिकृत रस्ता बंद. तपासणी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण पुढचे अपडेट मिळतील की नाही ही टांगती तलवार रोजच्या कामाच्या मशीनवर मला नको होती. ८ जीबी रॅम, एसएसडी, धडधाकट कीबोर्ड. असं मशीन भंगारात काढणं अजिबात पटेना. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची सिनॅमन आवृत्ती टाकली. रोज तीच वापरतोय आणि एक मत पक्कं झालंय: इन्स्टॉल करायला फारसा वेळ लागत नाही, पण त्याआधी लाईव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालवून) एक निवांत दुपार घालवाच. पुढे जे जे अडलं, त्यातलं बहुतेक मला तिथेच दिसलं होतं.

आयएसओ, म्हणजे मिंटची इन्स्टॉलेशन फाइल, सुमारे ३ जीबीची आहे. उतरवल्यावर एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा कोड) जुळवून घ्या. फाइल खराब उतरली असेल तर इन्स्टॉलर मध्येच कुठेतरी अडतो आणि आपण भलतीकडेच दोष शोधत बसतो. मग रुफससारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करायचा (त्यावरचं सगळं पुसलं जातं) आणि बूट मेन्यूतून त्यावर मशीन सुरू करायचं. आतल्या डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम चालते. या वेळी नुसतं ब्राउझर उघडून खूश होऊ नका. स्पीकर आणि हेडफोन दोन्हींतून आवाज ऐका, कॅमेरा लावा, ब्राइटनेसची बटणं दाबा, झाकण मिटून पुन्हा उघडा, प्रिंटर जोडून एक पान छापा.

माझ्याकडे वाय-फायची यादीच रिकामी होती. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं आणि नेट लगेच आलं. इन्स्टॉलनंतर हाच उपाय कामी आला: फोनच्या नेटवर ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने चिप ओळखून ड्रायव्हर सुचवला. इथे एक पायरी नीट समजून घ्या. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं, सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, त्यात ‘एनरोल एमओके’ (नवी की नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडा वेळ थांबतो आणि आपण काही केलं नाही तर निघून जातो. मग ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण चालत नाही. पहिल्यांदाच करणारे बरेच जण नेमके इथे हिरमुसतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

विंडोज मी पूर्ण काढलेलं नाही, एका जुन्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरसाठी छोट्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) ठेवलंय आणि ते नेटला जोडत नाही. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवायच्या असतील तर आधी बॅकअप, मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद. ते चालू राहिलं तर शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत असतं आणि मिंटमधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका. आणि विंडोजमधलं घड्याळ मागेपुढे झालं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक धरतं. मिंटमध्ये एका कमांडने ते जुळवता येतं.

आता रोजच्या वापराबद्दल. मराठी टायपिंग हा माझ्यासाठी कळीचा मुद्दा होता आणि इथे मिंटने मन जिंकलं. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड) लेआउटच्या यादीतूनच मिळतो. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आयबस (टायपिंगच्या पद्धती पुरवणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम-सेव्हन्टीन-एन पॅकेज टाकलं की फोनेटिक आणि चक्क गमभन या मराठी टायपिंग प्रोग्रॅमची पद्धतही येते. जोडाक्षरं, रफार, सगळं नीट उमटतं. मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रॅमचा मोफत संच) माझ्या कामाला पुरतं, पण किचकट तक्ते असलेली वर्डची फाइल इकडून तिकडे गेली की मांडणी हलते. ज्यांच्या नोकरीत अशा फाइलींची रोज देवाणघेवाण आहे, त्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. बाकी ब्राउझर, व्हिडिओ कॉल, पीडीएफ यांत कसलीच तक्रार नाही. प्रिंटर ड्रायव्हर न टाकता सापडला.

टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी सुरू करा. ते सिस्टीमच्या फाइलींचे स्नॅपशॉट (बिघडल्यास परत जाता येईल अशा प्रती) घेतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र मूळ सेटिंगमध्ये त्यात धरलेली नसतात, त्यांचा बॅकअप वेगळाच हवा. एका अपडेटनंतर टचपॅड बिनसलं तेव्हा स्नॅपशॉटचीही गरज पडली नाही. ग्रबच्या (मशीन सुरू होताना सिस्टीम निवडायच्या पडद्याच्या) अ‍ॅडव्हान्स्ड मेन्यूतून जुना कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडला, काम चालू राहिलं, आणि पुढच्या अपडेटमध्ये ते आपोआप सुरळीत झालं. जुना कर्नल असा हाताशी राहतो हे मला फार मोलाचं वाटतं.

जुन्या फोनवरही लिनिएजओएस (अँड्रॉइडवर आधारित मोफत सिस्टीम) टाकायचा विचार होता, तो सोडला. लॅपटॉपला एकच आयएसओ चालते, फोनला मात्र नेमक्या त्याच मॉडेलची बिल्ड लागते. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करताना डेटा साधारणपणे पुसला जातो, नंतर काही बँकांची अ‍ॅप्स चालायला नकार देतात, आणि मुख्य म्हणजे आधी लाईव्ह चालवून बघायची सोयच नाही.

फिंगरप्रिंट सेन्सर मात्र अजून बंद आहे. मिंट २२.२ मध्ये त्यासाठी फिंगविट नावाचं अ‍ॅप आलं, पण त्यामागच्या लिबएफप्रिंट या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या सेन्सरच्या यादीत माझा सेन्सर नाही. तुमच्यासाठी ते महत्त्वाचं असेल तर ती यादी आधी बघा. मी पासवर्ड टाकतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि तोवर हा लॅपटॉप बदलायचं मला काही कारण दिसत नाही.