जवळच तर जायचे होते: मुक्कामाच्या घराच्या नावाखाली झालेली आमची फसवणूक

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन, गाडीने जेमतेम तीन तासांच्या अंतरावर, दोन रात्री राहण्यासाठी निघालो होतो. तेथे मुक्कामाला घर देतो असे सांगून एका माणसाने आमच्याकडून जी रक्कम घेतली, ती आमच्या सबंध सहलीच्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक होती. ती कशी गेली हे मी येथे क्रमाने लिहीत आहे. काटकसरीने आणि मुलांच्या सोयीचा विचार करून सहल आखणाऱ्या कुठल्याही घरात जे निर्णय घेतले जातात, तेच आम्ही घेतले होते, आणि फसवणाऱ्याला त्या निर्णयांची आमच्याइतकीच चांगली माहिती होती.

आमची मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. लांबचा प्रवास परवडण्यासारखा नव्हता, म्हणून आम्ही नकाशावर घराभोवती तीन तासांच्या प्रवासाचे वर्तुळ धरले आणि असे ठरवले की रोज मुक्काम हलवायचा नाही, एकाच ठिकाणी राहायचे, तेथून पहाटे बाहेर पडायचे आणि ऊन चढण्याच्या आत परत यायचे. इंधनाचा अंदाज अंतरावरून आणि गाडीच्या सरासरीवरून बांधता येतो. तळे, टेकडी, झाडीतील पायवाट यांसाठी फारसा खर्च येत नाही. जेवणाचा खर्च स्वयंपाकघर मिळाले तर पुष्कळ कमी होतो. उरतो तो मुक्काम, आणि चौघांसाठी हॉटेलच्या खोल्या घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेले छोटे घर स्वस्त पडते. हे गणित मी आजही चुकीचे मानत नाही. मात्र सुट्टीच्या दिवसांत अशी घरे थोडी आणि मागणारी कुटुंबे पुष्कळ असतात, आणि खोट्या जाहिरातींचे सगळे काम त्या टंचाईवर चालते.

जाहिरात मला समाजमाध्यमावरील सहलींच्या एका गटात दिसली. तळ्याकाठचे बैठे घर, ओसरीवर झोपाळा, मागे कुंपण घातलेले अंगण आणि दोन खोल्या. खाली एका संकेतस्थळाचा दुवा होता. ते संकेतस्थळ नीटनेटके होते, त्यावर रिकाम्या तारखांचे कॅलेंडर होते, नियम आणि अटींचे स्वतंत्र पान होते, वीसेक कुटुंबांचे अभिप्राय होते आणि पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चिन्हही होते. भाडे इतर घरांपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते. ते निम्म्याने कमी असते तर मला संशय आला असता. पाचवा हिस्सा कमी म्हणजे आपण वेळेवर शोधले म्हणून मिळालेला चांगला दर, असेच वाटते.

तेथे दिलेल्या क्रमांकावर मी संदेश पाठवला आणि काही मिनिटांत उत्तर आले. त्या माणसाने पैशांचा विषय काढलाच नाही. त्याने मुलांची वये विचारली, लहान मुलगा जिन्यावर चढतो का, रात्री उठतो का, अशी चौकशी केली आणि पुढे लिहिले, “ताई, तळ्याच्या बाजूच्या फाटकाला मी कडी लावून ठेवतो, मुलांची काळजी करू नका. पाळणा हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा.” लहान मुलाला घेऊन पाण्याजवळ राहणाऱ्या आईच्या मनात पहिली भीती कोणती असते, हे त्याला ठाऊक होते. मी विचारण्याआधीच त्याने त्या भीतीचे उत्तर दिले, आणि त्या एका वाक्यानंतर माझ्या मनातील तपासणी संपली. आज तो संवाद पुन्हा वाचताना लक्षात येते की घराविषयी त्याने एकही अशी गोष्ट सांगितली नव्हती जी छायाचित्रांत दिसत नव्हती.

आगाऊ रक्कम मागताना त्याने दोन गोष्टी केल्या. त्याच तारखांसाठी आणखी एक कुटुंब विचारत आहे, परंतु तुमची मुले लहान असल्यामुळे मी संध्याकाळपर्यंत घर तुमच्यासाठी थांबवून ठेवतो, असे तो म्हणाला. मी कार्डाने पैसे देण्याविषयी विचारले, तेव्हा कार्डावर शुल्क कापले जाते, त्याचा भार तुमच्यावर कशाला टाकू, असे सांगून त्याने बँकेचा खातेक्रमांक पाठवला. खात्यावरील नाव जाहिरातीतील नावापेक्षा वेगळे होते. माझ्या पतींनी ते लगेच ओळखले आणि विचारले. खाते मेहुण्याच्या नावावर आहे, घराचा हिशेब तोच ठेवतो, असे उत्तर मिळाले, आणि आम्ही ते स्वीकारले. आपण काही परदेशी जात नाही, तीन तासांवर तर जायचे आहे, असे त्या वेळी आम्ही दोघेही एकमेकांना म्हणालो. दूरच्या प्रवासासाठी आम्ही चार ठिकाणी चौकशी केली असती. जवळच्या सहलीसाठी ती करावी असे वाटले नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मोडतोडीची अनामत म्हणून आणखी काही रक्कम मागितली. ती परत मिळणार होती, मुलांच्या पिशव्या भरून दारात ठेवलेल्या होत्या, आणि त्या घडीला नाही म्हणणे म्हणजे सहलच सोडून देणे होते. आम्ही तीही पाठवली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही नकाशावरील खुणेपाशी पोहोचलो. तेथे तारेचे कुंपण घातलेली मोकळी जमीन होती, फाटकाला गंजलेले कुलूप होते आणि तळे कोठेच नव्हते. पहिली वीस मिनिटे आम्ही रस्ता चुकला असेल असे समजून मागेपुढे फिरत राहिलो. त्या माणसाचा फोन लागत नव्हता, पाठवलेले संदेश पोहोचत नव्हते, आणि त्याचे छायाचित्रही दिसेनासे झाले होते. शेजारच्या शेतावरील एका आजोबांनी गाडी पाहून विचारपूस केली आणि सांगितले की मागच्या शनिवारीही एक कुटुंब याच फाटकापाशी येऊन असेच उभे होते.

अशी फसवणूक मोठ्या माणसांची झाली तर त्यांचे पैसे आणि दिवस जातो, पण मुले सोबत असली की प्रश्न वेगळाच होतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढू शकते, काचा थोड्या उघड्या ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या कितीतरी पट वेगाने तापते. त्यामुळे मुलांना गाडीत बसवून आम्ही दोघांनी शोध घ्यावा, हा मार्ग आमच्यापुढे नव्हता. पती चौकशी करत असताना मी मुलांना घेऊन त्या आजोबांच्या झाडाखाली बसले. मुलगा तळे कोठे आहे असे पुन्हा पुन्हा विचारत होता आणि बरोबर आणलेले पाणी संपत आले होते. आजोबांनी पाणी दिले, मुलांना घरात बसवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सुट्टीचा शनिवार असल्याने जवळपास कोठेही खोली मिळाली नाही, आणि जी एक मिळाली ती आमच्या उरलेल्या पैशांत बसणारी नव्हती. आम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरी परतलो. रात्री मुलगी झोपत नव्हती. छायाचित्रे पाहून ते घर तिने निवडले होते, दिसतील त्या पक्ष्यांची नावे लिहिण्यासाठी एक वही करून घेतली होती, आणि आता तिला वाटत होते की पैसे तिच्यामुळे गेले. चूक तिची नाही, आणि खोटे बोलणाऱ्या माणसाने ती केली आहे, हे तिला पटवून द्यायला मला बरेच दिवस लागले. गेलेल्या पैशांपेक्षा याचा मला अधिक राग आहे.

पैशांविषयी सांगायचे तर, आम्ही त्या झाडाखालूनच बँकेला फोन केला आणि त्यानंतर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. घाई करण्याचे कारण असे की अशी रक्कम ज्या खात्यात जमा होते त्यात ती फार वेळ राहत नाही. ती दुसऱ्यांच्या नावावर उघडलेल्या खात्यांतून पुढे सरकवली जाते आणि शेवटी काढून घेतली जाते. दोन आठवड्यांपूर्वी पाठवलेली आगाऊ रक्कम त्या खात्यातून केव्हाच गेली होती. आदल्या संध्याकाळी पाठवलेली अनामत मात्र गोठवता आली आणि सात आठवड्यांनी परत मिळाली. तक्रारीसाठी व्यवहार क्रमांक, खातेक्रमांक, संदेशांची पडद्यावरून घेतलेली चित्रे आणि संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता हे सर्व लागले. रागाच्या भरात संवाद पुसून टाकला असता तर यातले काहीही हाती राहिले नसते. कार्डाने पैसे दिले असते तर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नियमांनुसार न मिळालेल्या सेवेसाठी बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेली रक्कम परत फिरवण्याची सोय, मागता आला असता. खात्यात थेट पाठवलेल्या रकमेला तसे संरक्षण सहसा नसते, आणि कार्ड नको म्हणण्यामागचे खरे कारण तेच होते.

घरी आल्यावर मी जी तपासणी केली ती सगळी मिळून अर्ध्या तासाची होती, आणि ती आधी करता आली असती, हे मला सर्वांत जास्त बोचते. संकेतस्थळांच्या नावांचा, म्हणजे डोमेनांचा, कारभार पाहणारी आयकॅन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या शोधपानावर कोणत्याही संकेतस्थळाचे नाव टाकले की ते कधी नोंदवले गेले ती तारीख अनेकदा दिसते. आम्ही पाहिलेले संकेतस्थळ आमच्या आरक्षणाच्या अवघे १९ दिवस आधी नोंदवलेले होते, आणि त्यावरील अभिप्राय मात्र तीन वर्षांपूर्वीपासूनचे होते. कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच की आपला संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधील माहिती सांकेतिक रूपात जाते. समोरचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे ते चिन्ह सांगत नाही, आणि खोट्या संकेतस्थळांनाही ते सहज मिळते. नियम आणि अटींच्या पानावर मधेच एका वेगळ्याच व्यवसायाचे नाव राहून गेले होते, म्हणजे ते पान दुसरीकडून उचललेले होते.

छायाचित्रे मी चित्रावरून चित्र शोधण्याच्या सोयीत टाकून पाहिली, तेव्हा प्रथम काहीच सापडले नाही. मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती आरशातल्यासारखी उलटी करून शोधली, आणि तेच घर एका परदेशी विक्रीच्या जाहिरातीत निघाले. फसवणाऱ्याने मूळ चित्र उलटे करून टाकले की अशा शोधातून ते कित्येकदा निसटते. त्यामुळे एकदा शोधून काही मिळाले नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. त्या घराला तळे होते, परंतु ते दुसऱ्या देशात होते. घराचा पत्ता नकाशाच्या उपग्रह चित्रात पाहिला असता तर छप्परही नाही आणि पाणीही नाही हे तेव्हाच दिसले असते. आम्ही नकाशा उघडला होता तो फक्त अंतर आणि इंधन मोजण्यासाठी.

पाचव्या दिवशी एक फोन आला. तुमचे बुडालेले पैसे आम्ही सोडवून देतो, त्यासाठी थोडे शुल्क भरा आणि फोनवर अमुक एक अ‍ॅप घ्या, असे एक बाई अत्यंत सहानुभूतीने सांगत होत्या. आमची नेमकी रक्कम त्यांना ठाऊक होती. ज्यांची एकदा फसवणूक झाली त्यांची माहिती पुन्हा वापरली जाते, आणि फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप घेतले की बँकेचे व्यवहारही त्याच्या नजरेखाली येतात. मी फोन ठेवला आणि तो क्रमांकही तक्रारीला जोडला.

सहलीवर मुलांचा विश्वास परत बसावा म्हणून सुट्टी संपण्याआधी आम्ही पुन्हा निघालो, त्याच वर्तुळातील दुसऱ्या दिशेला. या वेळी ठिकाण जवळ असण्याचा खरा उपयोग करून घेतला. एका रविवारी पहाटे निघून, घरून नेलेला डबा खाऊन, पाण्याकाठी खेळून संध्याकाळी परत येण्याची एक दिवसाची सहल आधी केली आणि तीतच राहण्याची तीन ठिकाणे प्रत्यक्ष पाहिली. त्यांपैकी एकाचे कुंपण मोडलेले होते, दुसऱ्याचे स्वयंपाकघर बंद होते, तिसरे आम्ही घेतले. मुक्कामाचे पैसे पोहोचल्यावर समोरासमोर दिले आणि पावती घेतली. ज्यांना आधी जाऊन पाहणे शक्य नसेल त्यांनी मालकाला त्याच क्षणी चालू चित्रफोनवर (व्हिडिओ कॉलवर) फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत घर दाखवायला सांगावे, तिथल्या पर्यटन कार्यालयाकडे किंवा आसपासच्या दुकानदाराकडे घराची चौकशी करावी, आणि मुक्कामाची घरे आरक्षित करून देणाऱ्या एखाद्या मंचावर घर सापडले असेल तर त्या मंचाबाहेर पैसे देण्यास ठाम नकार द्यावा, कारण पाहुणे घरात पोहोचेपर्यंत मालकाची रक्कम अडवून ठेवण्याची व्यवस्था काही मंचांवर असते आणि बाहेर पैसे दिले की ती आपल्याला लागू होत नाही. खरा मालक या विनंत्यांनी रागावत नाही. आमच्या दुसऱ्या मालकीणबाईंनी तर आम्ही न विचारता घरपट्टीची पावती दाखवली.

वर सांगितलेल्या घराची छायाचित्रे या वर्षी सुट्टी लागण्याच्या सुमारास मला पुन्हा दिसली. गावाचे नाव वेगळे आहे, संकेतस्थळ वेगळे आहे, भाडे पुन्हा इतरांपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानेच कमी आहे. मी त्या गटाच्या चालकांना आणि पोलिसांना कळवले आहे, परंतु हे लिहीपर्यंत जाहिरात तेथेच होती. ओसरीवरचा झोपाळा आमच्या वेळी दाराच्या उजव्या हाताला होता, या वेळच्या चित्रांत तो डाव्या हाताला आहे.