पहिला शब्द खाणारा डोंगल : फर्मवेअर अपडेटसह काही महिन्यांचा अनुभव

हेडसेटसाठी वापरायच्या छोट्या यूएसबी डोंगलची (संगणकात खोचून हेडसेट बिनतारी जोडणाऱ्या उपकरणाची) रेंज किती आणि तो कोणत्या संगणकांवर चालतो, हे खोक्यावर लिहिलेले असते आणि घेणाऱ्याने ते वाचलेले असते. त्याची उजळणी येथे करत नाही. मला लिहायचे आहे ते या डोंगलच्या फर्मवेअरबद्दल, म्हणजे त्याच्या आत भरलेल्या आणि त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, आणि विशेषतः एका अपडेटने निर्माण केलेल्या दोषाबद्दल. ते अपडेट बसल्यापासून कॉलवर थोडी शांतता झाली की तिच्यानंतर समोरच्याने उच्चारलेला पहिला शब्द ऐकूच येईनासा झाला. हा दोष वाचायला किरकोळ वाटेल, पण ‘उद्या बैठक नाही’ या वाक्यातला ‘उद्या’ गेला की ऐकणाऱ्याला ‘बैठक नाही’ एवढेच कळते आणि तो आजची बैठक रद्द झाली असे धरून चालतो. ज्याचे काम दिवसभर कॉलवर चालते, त्याच्यासाठी असे उपकरण पूर्ण बंद पडलेल्या उपकरणापेक्षा धोक्याचे आहे, कारण बंद पडल्याचे किमान लगेच लक्षात तरी येते.

डोंगल वेगळा घेण्यामागचे कारण काटकसरीचे होते. माझा हेडसेट जुना आहे. पण कानांवरचे पॅड बदलल्यावर तो उत्तम चालतो, आणि चालणारी वस्तू बाजूला टाकून नवी घेणे मला पटत नाही. अडचण लॅपटॉपच्या अंगभूत ब्लूटूथची होती. गाणी ऐकताना ब्लूटूथ ज्या प्रोफाइलवर (एका विशिष्ट वापरासाठी ठरवलेल्या पद्धतीवर) चालते ते एकमार्गी असते. माइक सुरू होताच जोडणी हँड्स-फ्री प्रोफाइलवर जाते आणि आवाजाचा दर्जा एकदम उतरतो. या प्रोफाइलच्या मूळच्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये (आवाज पाठवण्यासाठी आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत) आवाजाचे नमुने सेकंदाला 8,000 वेळा घेतले जातात, त्यामुळे 4 किलोहर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचत नाही. स आणि फ यांचा फरक ओळखू येतो तो बराचसा त्याच वरच्या भागामुळे. 2011 मध्ये आलेल्या हँड्स-फ्री 1.6 मध्ये एमएसबीसी हा कोडेक आला आणि नमुन्यांचा वेग दुप्पट म्हणजे 16,000 झाला. पण त्याचा लाभ मिळण्यासाठी हेडसेट, ब्लूटूथची चिप, ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या सर्वांनी तो चालवला पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर ही साखळी कुठेतरी तुटत होती. हेडसेटच्याच उत्पादकाचा डोंगल लावल्यावर तो प्रश्न पहिल्याच कॉलला सुटला, आणि सुरुवातीचे काही आठवडे मी या खरेदीवर मनापासून समाधानी होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण फर्मवेअर अपडेटचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. साधा ब्लूटूथ डोंगल आणि हेडसेटचा डोंगल दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे असतात. साध्या डोंगलमध्ये ब्लूटूथचे बरेचसे काम संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिमच करते. अनेक चिपमध्ये तर फर्मवेअर कायमचे साठवलेलेही नसते, डोंगल खोचला की ड्रायव्हर ते दर वेळी नव्याने भरतो. तिथे ‘अपडेट’ म्हणजे प्रत्यक्षात ड्रायव्हर बदलणे. हेडसेटचा डोंगल मात्र स्वतःच सगळा कारभार पाहतो. जोडणी, कोडेक, पेअरिंगच्या (दोन उपकरणांची एकमेकांशी ओळख जोडण्याच्या) सांकेतिक किल्ल्या हे सर्व त्याच्या स्वतःच्या फ्लॅश मेमरीत असते, आणि संगणकाला तो केवळ एक यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसतो. त्यामुळे संगणकाचे ब्लूटूथ कितीही सुधारले तरी या डोंगलमध्ये काही फरक पडत नाही. सुधारणा आणि बिघाड दोन्ही फर्मवेअरमधूनच येतात.

अपडेटची क्रिया स्वतः फार अवघड नाही. उत्पादकाच्या प्रोग्रॅममधून ती सुरू केली की डोंगल आपले नेहमीचे काम थांबवतो आणि बूटलोडरमध्ये, म्हणजे नवे फर्मवेअर भरून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, जातो. त्या क्षणी संगणकाच्या दृष्टीने जुने उपकरण निघून जाते आणि वेगळ्या ओळखीचे नवे उपकरण जोडले जाते. डोंगलची जोडणी तुटल्याची सूचना देणारा आवाज ऐकून घाबरू नये आणि डोंगल उपसू नये. व्हर्च्युअल मशीनमधून (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातून) अपडेट करणारे नेमके येथेच अडकतात, कारण मशीनला फक्त जुन्या ओळखीचे उपकरण दिलेले असते आणि नव्या ओळखीचे उपकरण बाहेरच राहते. यूएसबी हबऐवजी थेट संगणकाचा पोर्ट वापरावा, कॉलचे सर्व प्रोग्रॅम बंद ठेवावेत आणि लॅपटॉप चार्जरवर असावा. हेडसेटचे फर्मवेअर वेगळे असते आणि ते केबल लावून वेगळे अपडेट करावे लागते, हे प्रोग्रॅम ठळकपणे सांगत नाही; दोन्ही आवृत्त्या एकमेकींना अनुरूप नसतील तर कॉल घेण्याचे बटण किंवा म्यूटचा दिवा नीट चालत नाही. माझ्या बाबतीत अपडेटनंतर पेअरिंगही पुसले गेले. या डोंगलवर बटण नसल्यामुळे पुन्हा पेअर करायलाही तोच प्रोग्रॅम लागतो, म्हणजे तो प्रोग्रॅम ज्या संगणकावर टाकू देत नाहीत तिथे अपडेट केलेला डोंगल निरुपयोगी ठरतो.

ते अपडेट मी घेतले तेव्हा त्यासोबत बदलांची टीप एका ओळीची होती: बॅटरीच्या वापरात सुधारणा. त्यापलीकडे काहीही नव्हते. त्यानंतर पहिला शब्द जायला लागला. सुरुवातीला मला इंटरनेटची शंका आली, पण त्याच कॉलमध्ये लॅपटॉपच्या स्पीकरवर शब्द पूर्ण ऐकू येत होता. माइक म्यूट करून मी नुसता ऐकत असेन आणि मध्ये शांतता झाली, तरच हे घडत होते. मग पार्श्वभूमीला अत्यंत हळू आवाजात पावसाची ध्वनिफीत चालू ठेवून पाहिली, आणि शब्द जाणे पूर्ण थांबले. ज्या फाइलमध्ये कसलाच आवाज नाही अशी फाइल चालवली तर मात्र उपयोग झाला नाही. यावरून कारण उघड झाले. नवे फर्मवेअर संगणकाकडून येणाऱ्या ध्वनीवर लक्ष ठेवत होते, शांतता दिसली की हेडसेटशी असलेला आवाजाचा दुवा बंद करत होते, आणि पुन्हा आवाज आला की नव्याने उघडत होते. दुवा उघडायला दोन्ही बाजूंची बोलणी व्हावी लागतात. त्यात हेडसेट वीज वाचवण्याच्या अवस्थेत असेल तर आणखी वेळ जातो. तेवढ्या वेळात एक लहान शब्द सहज निघून जातो. बॅटरीची बचत खरी होती, पण ती कशाच्या बदल्यात मिळते आहे हे त्या एका ओळीत सांगितलेले नव्हते.

ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार तपशिलाने लिहिण्यासारखा नाही, तरी त्यातली एक बाब नोंदवतो. संगणक पुन्हा सुरू करा, दुसरा पोर्ट वापरा, पुन्हा पेअर करा, प्रोग्रॅम काढून परत टाका, ही सर्व कामे करून त्यांची उत्तरे पाठवल्यावर आणि डोंगलमधून तसेच स्पीकरमधून ऐकू आलेल्या त्याच वाक्याचे रेकॉर्डिंग जोडल्यावरसुद्धा निष्कर्ष हार्डवेअरच्या दोषाचा निघाला. हा निष्कर्ष मला मुळीच पटला नव्हता. तरीही त्यांनी वॉरंटीत बदली डोंगल पाठवला. तो खोचताच पहिला शब्द स्वच्छ ऐकू आला, आणि प्रोग्रॅममध्ये आवृत्ती पाहिली तेव्हा कारण समजले: नव्या डोंगलमध्ये कारखान्यातून आलेले जुने फर्मवेअर होते. म्हणजे दोष हार्डवेअरचा नसल्याचा पुरावा त्यांनीच पाठवला होता. जुन्या डोंगलवर मागची आवृत्ती परत टाकता येईल का, या प्रश्नाला नकार मिळाला. बूटलोडर आधीची आवृत्ती स्वीकारत नाही.

त्या काळात माझे मत असे झाले होते की चालणाऱ्या डोंगलला अपडेट देऊच नये, आणि बदली डोंगलवर येणारी अपडेटची सूचना मी दर वेळी बंद करत राहिलो. ते मत आता मी बदलले आहे, आणि त्याचे कारण सुरक्षितता आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये ‘नॉब’ नावाने जाहीर झालेल्या हल्ल्यात ब्लूटूथच्या दोन उपकरणांमधील सांकेतिक किल्लीची ताकद केवळ एका बाइटपर्यंत उतरवता येते असे संशोधकांनी दाखवले. किल्लीच्या लांबीची ही बोलणी चिपच्या आतल्या फर्मवेअरमध्ये होते. हेडसेटचा डोंगल संगणकापुढे साउंड कार्ड म्हणून उभा असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम त्यात काही करू शकत नाही. किमान सात बाइटची किल्ली मागणारी दुरुस्ती फर्मवेअर अपडेटमधूनच यायला हवी. डोंगलवरून लोक कामाची, पैशांची, आजारपणाची बोलणी करतात. अशा उपकरणाचे फर्मवेअर गोठवून ठेवणे योग्य नाही, हे मान्य करावेच लागते. मागची आवृत्ती न स्वीकारण्याचेही समर्थन त्यातूनच होते, कारण तशी सोय ठेवली तर बुजवलेली भोके पुन्हा उघडता येतील. पण परतीचा रस्ता बंद असेल, तर पुढे काय आहे हे आधी सांगण्याची उत्पादकाची जबाबदारी दुप्पट होते, आणि एका ओळीची टीप ती जबाबदारी पार पाडत नाही.

काही महिन्यांनी आलेल्या पुढच्या आवृत्तीची टीप मात्र वाचण्यासारखी होती. शांततेत आवाजाचा दुवा उघडा ठेवण्याचा पर्याय दिला आहे आणि तो सुरू केल्यास हेडसेटची बॅटरी लवकर उतरेल, असे तिच्यात सरळ लिहिले होते. ती आवृत्ती मी आधी बिघडलेल्या डोंगलवर टाकली, पर्याय सुरू केला, आणि पहिला शब्द परत आला. तेव्हापासून तो गेलेला नाही. जो डोंगल टाकून द्यायच्या लायकीचा ठरवला गेला होता तोच आज माझ्या रोजच्या वापरात आहे, आणि त्याचा आनंद मला हेडसेटच्या आवाजापेक्षाही अधिक आहे. बॅटरी संध्याकाळपर्यंत पूर्वीपेक्षा लक्षात येण्याइतकी उतरते. हा व्यवहार मला पूर्णपणे मान्य आहे, कारण आता तो मी स्वतः निवडलेला आहे.

आवाज मध्येच तुटण्याची तक्रार असणाऱ्यांनी मात्र फर्मवेअरला दोष देण्यापूर्वी पोर्ट तपासावा. यूएसबी 3.0 च्या जोडणीतून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, हे इंटेलने 2012 मध्येच मोजून प्रसिद्ध केले आहे, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालते. बाहेरची हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टमध्ये असेल तर कोणतेही अपडेट हा त्रास घालवू शकणार नाही. साध्या एक्स्टेंशन केबलने डोंगल थोडा दूर नेला की फरक दिसतो. माझ्या टेबलावर तो तसाच ठेवलेला आहे.

दोन उणिवा राहिल्या आहेत. आवृत्तीचा क्रमांक प्रोग्रॅममध्ये अनेक पायऱ्या खाली लपवलेला आहे, आणि आधीच्या आवृत्त्यांच्या टिपा कुठेच एकत्र ठेवलेल्या नाहीत; त्यामुळे अपडेट करण्यापूर्वी चालू आवृत्तीचे व सर्व पर्यायांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. दुवा उघडा ठेवण्याचा पर्याय डोंगलमध्येच साठवला जातो, म्हणून दुसऱ्या संगणकावर नेला तरी तो कायम राहतो. त्यानंतर आलेल्या एका किरकोळ अपडेटने मात्र तो पुन्हा बंद केला, आणि याचा उल्लेख टिपेत नव्हता. तो बंद झालेला आहे का, हे तपासण्यासाठी माइक म्यूट करून मिनिटभर थांबावे आणि मग कोणाला तरी एकच छोटा शब्द बोलायला सांगावे.