लोह-५५ की टायकोचा अवशेष? एसएक्सटीची ऊर्जापट्टी तपासताना

अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटीचा, म्हणजे मृदू क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा नुकताच उघडलेल्या एका विद्यार्थिनीनं पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत चहा घेताना विचारलं, "सर, गेन कशावर तपासू? कोपऱ्यातल्या लोह-५५ वर की कॅसिओपिया ए, टायकोच्या रेषांवर?" गेन म्हणजे सीसीडी या संवेदकाच्या सिग्नलवरून क्ष-किरणाची ऊर्जा काढण्याचं प्रमाण; ते तपासायला ठरलेल्या ऊर्जेला उमटणाऱ्या रेषा लागतात. लोह-५५ हा सीसीडीच्या कोपऱ्यांवर रोखलेला किरणोत्सारी स्रोत, तर कॅसिओपिया ए आणि टायको हे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे अवशेष. मी दोन्ही वाटांनी गेलोय.

आकाशातल्या अवशेषाची बाजू भक्कम आहे. त्याचे क्ष-किरण तुम्ही अभ्यासताय त्या आकाशातल्या स्रोतासारखेच आरशांवरून सीसीडीच्या मधोमध पडतात. शिवाय सिलिकॉनची रेषा १.८६ आणि गंधकाची २.४५ केईव्हीच्या (किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आसपास सापडते. एसएक्सटीचं फिट, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवणं, रुसतं तेही तिथेच. कारण उपकरणाचा प्रतिसाद एकदम बदलतो अशा कडा तिथेच आहेत: सीसीडीच्या सिलिकॉनची कडा १.८४ ला, आरशांवरच्या सोन्याची २.२ च्या जवळ. लोह-५५ कडे ५.९ आणि ६.५, एवढ्या दोनच रेषा.

तरी माझं घोडं अडलं ते अवशेषापाशीच. कॅसिओपिया एचे तुकडे सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं उडताहेत, काही आपल्याकडे, काही पलीकडे. हजार किलोमीटरला सिलिकॉनची रेषा सुमारे ६ ईव्हीनं सरकते. त्यात एसएक्सटीची प्रतिमा पसरट, त्यामुळे सगळं एकमेकांत मिसळतं. डेटा निवडायचं वर्तुळ मी जरा हलवलं की रेषेचा मध्य हलायचा. बदल उपकरणात झाला, का मी अवशेषाचा दुसराच भाग मोजला, याचा उलगडा करण्यात आठवडे गेले. वजनच हलत असेल तर काटा कसा तपासायचा?

लोह-५५ चा अर्धायुकाल २.७ वर्षं. उड्डाण २८ सप्टेंबर २०१५ चं, म्हणजे २०२१ उजाडल्यावर स्रोत पाव हिश्शावर आला. आता पुष्कळ कक्षांचा डेटा एकत्र करावा लागतो, तेव्हा कुठे रेषा नीट उठून दिसते. (अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्याच सीझेडटीआय या दुसऱ्या क्ष-किरण उपकरणावाल्यांना ही चिंता नाही, त्यांच्या अमेरिशियम-२४१ चा अर्धायुकाल ४३२ वर्षं.) पण लोह-५५ च्या क्षयातून बनणाऱ्या मँगनीजची ती रेषा फिकी पडते, जागा सोडत नाही. आणि ती तुमच्याच निरीक्षणात, त्याच दिवशीच्या तापमानाला नोंदलेली असते. कोपरा म्हणजे मध्य नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे.

तुमचं काम २ केईव्हीभोवतीच असेल तर कदाचित टायकोच बरा पडेल. एरवी मी आधी कोपरे बघतो. मग फिटमध्ये गेनचा उतार १ वर बांधून फक्त ऑफसेट, म्हणजे ऊर्जापट्टीची सरसकट सरक, मोकळा ठेवतो. तो दहाच्या काही पटींइतक्या ईव्हींच्या पलीकडे गेला, तर गेनला हात लावण्याआधी पार्श्वभूमी पुन्हा तपासतो.