‘विथ रिस्पेक्ट टू सेक्स’ : कोती म्हणजे ‘गे’ नव्हे

समलिंगी संबंधांवरचे मानववंशशास्त्रीय ग्रंथ ‘यातले गे कोण?’ असं शोधत वाचले की हमखास फसगत होते. गायत्री रेड्डी यांचं हे पुस्तक (शिकागो विद्यापीठ, २००५) तर त्या वाचनाला मुळीच दाद देत नाही.

हैदराबाद-सिकंदराबादच्या हिजड्यांमध्ये नव्वदच्या दशकात केलेला हा अभ्यास. तिथल्या हिशोबात माणसं तीन जातीची: नारन म्हणजे बायका, पंती म्हणजे पुरुष, आणि कोती म्हणजे बायकी वळण घेतलेले पुरुष. पंतीने कोतीशी घरोबा केला तरी तो पंतीच राहतो, त्याला निराळं नाव पडत नाही. (टिपण काढताना ‘पंथी’ लिहू नका, पुढे ‘तृतीयपंथी’शी घोळ होतो.) कोतींत पुन्हा हिजडा, जनाना, शिवसती, जोगीन आणि साडी न नेसणारे, असे पोटभेद. जोगीन येल्लम्माची, त्यामुळे सौंदत्तीचा डोंगर आणि डोक्यावर जग (देवीची परडी) घेतलेले जोगते आपल्या डोळ्यांपुढे येतातच. तरीही दोन्हींना एकाच खान्यात टाकू नये. भाषा वेगळी, गावगाड्यातली जागाही वेगळी.

पुस्तकाचं बळ ‘इज्जत’ या एका शब्दात आहे. बधाईवर (जन्म-लग्नाच्या वेळी नाचून-गाऊन, आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या पैशांवर) जगणारी आणि देहविक्रीचा धंदा करणारी यांत मान कोणाला, निर्वाण (लिंगछेदनाची शस्त्रक्रिया) झालेली वरचढ का, गुरूची रीत (गुरूच्या घराण्यात रीतसर सामील होणं) नसेल तर काय बिघडतं, हे सगळं इज्जतीच्या मापाने मोजलं जातं. लैंगिकता ही त्यातली फक्त एक बाजू. धर्म, नातं, पेहराव, वर्ग यांचंही वजन तितकंच. शीर्षकातल्या ‘रिस्पेक्ट’वरचा श्लेष इथे कळतो. मराठीत मात्र तो उतरवता येणार नाही.

वाचताना नारन-पंती-कोतीचं वर्गीकरण आधी पक्कं करा, शब्दांची चिठ्ठी हाताशी ठेवा, मग नातेसंबंधांवरचं प्रकरण घ्या. सुरुवातीची सैद्धांतिक चर्चा जड आहे, ती शेवटी वाचली तरी चालते. सिकंदराबादच्या पाण्याच्या टाकीखालच्या वस्तीची वर्णनं सगळ्यांत जिवंत.

उणिवा आहेत. बायकांचे आपसांतले संबंध जवळजवळ नाहीतच. शिवाय २०१४ चा तृतीयपंथीयांबाबतचा आणि २०१८ चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बाबतचा, हे दोन्ही निकाल पुस्तकानंतरचे. कायद्याची बाजू हवी असेल तर हे मूळ निकालच सोबत वाचावे लागतील.