एमडीएन, वेब डॉट डेव्ह, लाइटहाऊस : दहा महिने वापरून मराठी साईटी केल्या, त्याचा अनुभव

गेल्या जूनपासून साईटचं काम काढलं की माझ्या लॅपटॉपवर ह्याच पाच-सहा गोष्टी उघड्या असतात. एमडीएन वेब डॉक्स (वेबसाईट कशा करायच्या ह्याची माहिती देणारी साईट), गूगलचं तसंच वेब डॉट डेव्ह, क्रोममधलं साईट तपासणारं लाइटहाऊस, कोणती सोय कोणत्या ब्राउझरमध्ये चालते ते सांगणारं कॅन आय यूज, फोटो लहान करणारं स्क्वूश आणि गूगल फॉन्ट्स. सगळं फुकट. दहा महिन्यांत दोन साईटी पूर्ण केल्या, एक चिपळूणजवळच्या एका बागायतदार काकांची हापूसच्या ऑर्डरसाठी आणि दुसरी आमच्या इथल्या वाचनालयाची. दोन्ही पूर्ण मराठीत. मराठीत साईट करताना नेमकं कुठे अडकायला होतं हे मला तेव्हा कुठेच एका जागी मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एमडीएन, कारण निम्म्याहून जास्त वेळ मी तिथेच असते. त्याआधी मी एका क्लासला चांगली फी भरली होती, तिथे तयार थीम (साईटचा आयता साचा) उचलून रंग बदलायला शिकवलं, पण टॅग, म्हणजे पान ज्यांनी लिहितात त्या खुणा, असा का चालतो हे कोणी सांगितलं नाही. एमडीएन फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २००५ साली सुरू केलं आणि २०२० च्या शेवटी त्याचा सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे मिळून कोड लिहायच्या साईटवर गेला, म्हणजे चूक दिसली तर कोणीही दुरुस्ती पाठवू शकतं. पान उघडलं की वर बेसलाइनची पट्टी असते. एखादी सोय सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आली की ती 'नवीन' धरतात आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'सगळीकडे उपलब्ध'. माझा नियम असा की काकांच्या ऑर्डर फॉर्मसारख्या जागी, जिथे अडलं तर गिऱ्हाईक जातं, तिथे दुसऱ्या प्रकारातलंच वापरायचं, आणि नुसत्या दिसण्यासाठी असेल तर नवीन पण चालतं. शंका असली तर कॅन आय यूजवर आकडे बघते, तिथे फार वेळ जात नाही.

आता फॉर्मचीच गोष्ट सांगते कारण ह्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघाल्या आणि काकांचा फोन, "अगं, तुझी साईट माझ्या मेव्हण्याचा नंबर घेईना, चुकीचा आहे म्हणतेय, आणि दहाच्या दहा आकडे बरोबर आहेत." मी म्हटलं काका, स्क्रीनशॉट पाठवा. आला तो बघितला तर नंबर अगदी बरोबर, फक्त मराठी आकड्यांत! मेव्हणे कायम मराठी कीबोर्डच वापरतात. माझ्या फॉर्ममध्ये मोबाइलची चौकट साध्या टेक्स्टची होती आणि तपासणीला मी बॅकस्लॅश डी, म्हणजे 'इथे आकडा हवा' अशी खूण टाकलेली, आणि एमडीएनवर रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकूर ठरावीक साच्यात आहे का हे तपासायच्या खुणांच्या) पानावर स्पष्ट लिहिलंय की जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या भाषेत, त्याचा अर्थ फक्त इंग्रजी ० ते ९ आकडे. म्हणजे मराठी साईटवर मराठीत नंबर लिहिणाऱ्या माणसालाच आपण चुकीचा ठरवत होतो, मला ते फार लागलं. आधी चौकटीचा टाइप बदलून टेल केला म्हणजे फोनवर सरळ आकड्यांचा कीपॅड उघडतो. (नंबर टाइप मोबाइलला वापरू नका, तो मोजायच्या आकड्यांसाठी आहे, पुढचं शून्य वगैरे उडू शकतं.) पण व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करून चिकटवला तर मराठी आकडे येणारच, म्हणून तपासणीच्या आधी ते बदलून घेते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या यादीत, ० ते ९ एकापाठोपाठ बसलेत, त्यामुळे वजाबाकीची एक ओळ पुरते. किती डझन, पिनकोड, सगळ्या चौकटींना तेच लावलं.

उलट बाजूने, किंमत दाखवायला ब्राउझरमध्येच असलेलं इंटल नंबर फॉरमॅट फार छान आहे. भाषा मराठी-भारत दिली की १२५००० चं आपोआप १,२५,००० होतं, आकडे मराठी आणि स्वल्पविराम आपल्या लाखाच्या जागी. आधी मी ह्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची वेगळी लायब्ररी लोड करत होते, ती काढून टाकली.

लाइटहाऊसबद्दल मात्र सावध सांगते. साईट तपासून शंभरपैकी मार्क देतं, आणि वर सांगितलेला फॉर्म मेव्हण्यांचा नंबर नाकारत होता तेव्हा माझे ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे साईट सगळ्यांना वापरता येते का ह्याचे, मार्क पूर्ण १०० होते. मशीनला जे तपासता येतं तेवढंच ते तपासतं. तरी पण पहिली चाळण म्हणून उत्तम, आणि कारण काय ते सांगतं. मोबाइलची चाचणी करताना ते मुद्दाम नेट संथ करतं आणि प्रोसेसर चौपट हळू धरतं, त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर भर्रकन उघडणारी साईट तिथे रखडलेली दिसते. वेब डॉट डेव्हवर खऱ्या वापरात साईट कशी चालावी ह्याचे तीन आकडे समजावलेत : मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा (हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं), आणि पान लोड होताना हलण्याचं माप ०.१ च्या आत. आणि हे सरासरीवर नाही, शंभरातल्या ७५ भेटींना तरी एवढं मिळालं पाहिजे. मला ही मांडणी पटली, कारण सरासरी काढली की चांगल्या फोनवाल्यांच्या आड खेड्यातला माणूस झाकला जातो.

काकांनी फोटो दिले ते फोनमधले जसेच्या तसे, एकेक चार-पाच एमबीचा. स्क्वूशमध्ये टाकून रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी हा हलक्या फाइलचा प्रकार, आणि दीडशे केबीच्या आसपास आणले. फोटो कुठे अपलोड होत नाही, काम आपल्या ब्राउझरमध्येच होतं. वरचा मोठा फोटो सोडून बाकीच्यांना लेझी लोडिंग (फोटो स्क्रीनजवळ आला की मगच उतरतो), आणि प्रत्येकाला रुंदी-उंची लिहिलेली. ती रुंदी-उंची विसरू नका, नाहीतर माणूस बटणावर बोट ठेवतो आणि तेवढ्यात फोटो उघडून बटण खाली सरकतं. वरच्या फोटोला मी पण आधी लेझी लावलं होतं, उलट उशिरा दिसायला लागला.

रंगाचं पण लिहितेच. काकांना हापूसचा केशरी हवा होता आणि त्यावर पांढरी अक्षरं, दिसायला मस्त. क्रोमच्या टूलमध्ये कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक, बघितला तर २.१६, आणि डब्ल्यूसीएजी ह्या साईट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या नियमावलीप्रमाणे साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ हवा. तोच केशरी ठेवून अक्षरं काळी केली, ९.७ झाला. काका आधी नाराज होते. मग मी फोन घेऊन त्यांना भर दुपारी कलमांखाली उभं केलं आणि दोन्ही पानं दाखवली, उन्हात पांढरी अक्षरं दिसेनात, तेव्हा स्वतःच म्हणाले काळी ठेव. ऑर्डर घेणारा माणूस बागेत उन्हातच असतो, ऑफिसात नाही.

आता मराठी अक्षरांचा भाग. बहुतेक थीम इंग्रजी अक्षरांचा विचार करून केलेल्या असतात आणि त्यात मराठी ओतलं की मोडतोड होते. माझ्या थीममध्ये मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर दोन पिक्सेल होतं, इंग्रजीत ते भारदस्त दिसतं, पण 'वाचनालय' लिहिलं तर शिरोरेषेचे तुकडे तुकडे. देवनागरीला ते शून्यच ठेवायचं, दुसरा उपाय नाही. मग ओळीची उंची. मथळ्याची उंची १ आणि जास्तीचं लपवायचं असं सेटिंग होतं, त्यात वरचा अनुस्वार कापला गेला आणि काकांच्या पहिल्या पानावर 'आंबा'चं 'आबा' झालं! खालचे उकार पण असेच कापले जातात. आता मी मजकुराला १.७ आणि मथळ्याला १.४ धरते आणि तपासायला मुद्दाम एक ओळ ठेवलीय ज्यात रफार, अनुस्वार, वेलांटी, दीर्घ ऊकार सगळं एकत्र आहे.

लांब नावं कापून पुढे तीन टिंबं द्यायची असतील तर कोडमधून अक्षरं मोजू नका. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं पण जावास्क्रिप्टला ते चार आहे, त्यामुळे विसाव्यावर कापलं की पुस्तकाचं नाव पाय मोडलेल्या अक्षरावर थांबतं. कापायचं काम सीएसएसला, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेला, करू द्यावं.

फॉन्ट मी काकांच्या साईटला 'मुक्त' नावाचा घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' ह्या संस्थेने केलेला. सात वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, मी फक्त दोन घेतली कारण देवनागरीची फाइल जोडाक्षरांमुळे मोठी असते आणि सातही घेतली तर फोटोवर वाचवलेलं सगळं इथे जातं. वाचनालयाला 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट लावला, तो करणाऱ्यांनी मराठीसाठी वेगळा आणि हिंदीसाठी वेगळा असा केलाय, त्यामुळे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. आमच्या ग्रंथपाल ताई स्क्रीनकडे बघून पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "हा ल बरोबर आहे बघ." शाळेत गिरवलेलं अक्षर स्क्रीनवर दिसलं की वयस्कर वाचकांना पान आपलं वाटतं.

वाचनालयाच्या साईटवर अजून दोन गोष्टी कळल्या. थीमच्या पहिल्या ओळीत पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती. आमचे एक सभासद दृष्टिहीन आहेत, फोन त्यांना पान वाचून दाखवतो, आणि भाषा चुकीची असल्यामुळे तो मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जायचा, त्यांना काही कळायचं नाही. इंग्रजी काढून तिथे एमआर (मराठीची खूण) केलं, दोन अक्षरांचा बदल, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी यादीतून पुस्तक निवडून फोन केला. हे लाइटहाऊस पकडत नाही, भाषा लिहिली आहे एवढंच बघतं, खरी आहे का ते नाही.

दुसरं शोधाचं. पुस्तकांची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून बदलून घेतलेली होती आणि 'दुसऱ्या' असं शोधलं तर यादीत असूनही सापडेना. दोन दिवस गेले. शेवटी एकेक अक्षराचा कोड काढून बघितला तर आपला हा र दोन पद्धतींनी लिहिता येतो, एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. एमडीएनवर नॉर्मलाइझचं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या सोयीचं, पान वाचून वाटलं त्याने सुटेल, पण ती फक्त साधा र आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून ऱ करते, जोडकवालं रूप तसंच राहतं. 'ॲ'चं पण तसंच, एक अखंड अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं. म्हणून यादी आणि शोधायचा शब्द दोन्ही आधी माझ्या छोट्या फंक्शनमधून जातात, तिथे सगळी रूपं एकाच रूपात आणते आणि मग जुळवते. मराठीत शोध देणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, नाहीतर वाचकाला वाटतं पुस्तकच नाही, आणि तो परत येत नाही.

तक्रारी आहेतच. एमडीएन मराठीत नाही, आणि इंग्रजी वाचायची सवय नसलेल्याला पहिले दोन महिने जड जातात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बारावीच्या मुलीला मी 'लर्न' विभागातलं रोज एक पान मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावते, त्याने जमतंय. उदाहरणं जवळपास सगळी इंग्रजी मजकुराची, तिथल्या तिथे बदलून बघायची सोय आहे म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आधी मराठी वाक्य टाकून बघते. देवनागरीच्या मांडणीचं खोलात हवं असेल तर डब्ल्यू थ्री सी ह्या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या इंटरनॅशनलायझेशन (वेगवेगळ्या भाषांच्या) विभागात आहे, ते जास्त तांत्रिक आहे पण सवडीने वाचण्यासारखं. वेब डॉट डेव्ह गूगलचं आहे त्यामुळे क्रोमकडे कल असतो, फायरफॉक्सवर स्वतः बघूनच पुढे जायचं. आणि सगळ्यावर एक, स्वस्तातला जुना फोन जवळ ठेवा. माझ्याकडे दोन जीबी रॅमचा आहे, यूएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये तिथलं पान लॅपटॉपवर तपासता येतं, वर लिहिलेलं कापलेला अनुस्वार वगैरे निम्मं तिथेच दिसलं.

एमडीएनवर अक्षरांच्या अंतराचं जे पान आहे त्यात अंतर देऊ नये अशा भाषांचा उल्लेख आहे, उदाहरण अरबी लिपीचं दिलंय. तिथे देवनागरीचं पण उदाहरण असावं असं मला फार वाटतं. तुटलेल्या शिरोरेषेचा आणि नीट लिहिलेल्या 'वाचनालय'चा नमुना शेजारी शेजारी करून ठेवलाय, इंग्रजीतली चार वाक्यं लिहून झालीत, ताईंच्या भाच्याकडून एकदा तपासून घेतली की ह्या आठवड्यात गिटहबवर पाठवते.