१९ इंची चौकोनी मॉनिटर गेल्यावर काय घ्यायचं: २४, २७ की फोर-के?

माझा १९ इंची चौकोनी मॉनिटर शेवटी गेलाच. बरेच महिने सुरू झाल्यावर आधी गुलाबीसर दिसायचा, मग मधेच काळा व्हायला लागला, आणि टॉर्च मारून बघितलं तर आत अक्षरं दिसतायत, म्हणजे पॅनल जिवंत पण मागच्या उजेडाच्या ट्यूबा मेलेल्या. त्याच्या आधी १७ इंची सीआरटी (जुना काचेच्या नळीचा डबा) होता, त्यामुळे माझा मॉनिटर खरेदीचा अनुभव म्हणजे एकूण दोन. काम माझं अक्षरजुळणी आणि प्रुफं, दिवसाचे सात-आठ तास देवनागरी. गेमिंगवाल्यांनी आपापलं बघावं, हे बाकीच्यांसाठी.

पहिली फसगत इंचांची. इंच म्हणजे कर्ण, आणि चौकोनी स्क्रीनचा कर्ण नि रुंद स्क्रीनचा कर्ण यात खूप फरक पडतो. जुना १९ इंची उंचीला जवळपास ११.९ इंच होता. आजचा २१.५ इंची रुंद मॉनिटर भरतो फक्त साडेदहा इंच! म्हणजे "मोठा" घेऊन घरी आणायचा आणि पान आधीपेक्षा कमी दिसायचं. २४ इंचीला कुठे ११.८ इंच उंची मिळते, बरोबरी होते एवढंच, म्हणून २४ च्या खाली बघूच नका. ए-फोर पान ११.७ इंच उंच असतं, त्यामुळे २४ वर खऱ्या मापात ते बसतं असं कागदावर वाटतं पण वर टूलबार, खाली टास्कबार, की कापलं गेलंच. २७ इंचीला १३.२ इंच उंची आणि साडेतेवीस इंच रुंदी, दोन पानं शेजारी शेजारी पूर्ण बसतात आणि बाजूला जागा उरते. ३४ इंची लांबलचक वाले मिळतात त्यांची उंची २७ इंचीएवढीच असते, फक्त रुंदी जास्त, एक्सेलमध्ये राबणाऱ्यांना मस्त पण मला ती उरलेली रुंदी काय करायची.

आता खरा मुद्दा, एका इंचात पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, किती. जुन्या १९ इंचीत सुमारे ८६ होते. २४ इंची फुल एचडीत (१९२० बाय १०८० ठिपके) ९२, म्हणजे वर्षानुवर्षांनी नवीन घेऊन अक्षर होतं तिथेच. २७ इंची फुल एचडीत तर ८२, चक्क मागे गेलो, आणि दुकानात सगळ्यात जास्त गळ्यात मारतात तो हाच कारण मोठा दिसतो आणि स्वस्त पडतो. २७ इंची क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४० ला १०९ आणि २७ इंची फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० ला १६३. इंग्रजी वाचणाऱ्याला ९२ चालून जातं हो, पण आपल्याकडे घ आणि ध, ष आणि प, वर रफार नि त्यावर अनुस्वार, पोटात जोडाक्षर, हे सगळं १२ पॉइंटात मावायचं असतं. दुकानात जाताना एक पान बरोबर न्या, त्यात उद्ध्वस्त, वाङ्मय, कर्तृत्व, सर्वांचं असे शब्द भरा आणि ते उघडायला लावा. तो सेल्समन समुद्रातल्या माशांचा व्हिडिओ लावतो, त्यात सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात.

मग सरळ फोर-केच घ्यावा ना? इथे गाडी अडते. क्यूएचडी विंडोजमध्ये १०० टक्क्यांवर, म्हणजे अक्षरं-बटणं न वाढवता, चालतो पण सगळं जुन्या १९ इंचीपेक्षा साधारण पाचवा हिस्सा बारीक दिसतं, चाळिशी लागलेल्यांनी हे आधी बघावं. फोर-के १५० टक्क्यांवर लावला की जागा क्यूएचडीएवढीच मिळते पण अक्षर छापल्यासारखं, १७५ केलं तर डोळे अजून खूश. पण जुनी सॉफ्टवेअरं हे वाढवणं जाणत नाहीत. पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरचं शेवटचं व्हर्जन २००१ चं, ते फोर-केवर एकतर मुंगीएवढ्या बटणांचं दिसतं किंवा विंडोज ताणून देतं आणि धूसर. म्हणजे दिवसभर पेजमेकरात असाल तर क्यूएचडीच बरा, आणि इनडिझाइन, वर्ड, ब्राउझर एवढंच असेल तर फोर-के. मॅकवाल्यांनी मात्र फोर-केच घ्या, २०१८ नंतरच्या मॅकओएसवर १०९ चं अक्षर जरा पिसारल्यासारखं दिसतं.

अजून एक, मी स्वतः आपटलो ते. फोर-के आणला, जुन्या पीसीला लावला, तर माउस अडखळत चालतोय. दोन दिवस मॉनिटरला शिव्या घातल्या, नंतर कळलं पीसीचं एचडीएमआय (मॉनिटरची केबल लावायचं पोर्ट) १.४, त्यावर फोर-के ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र, मिळतं. ६० ला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हे दुसरं पोर्ट लागतं. नशीब, पीसीला मागे डिस्प्लेपोर्ट होतं, एका केबलवर भागलं.

हर्ट्झवरून आठवलं, सीआरटी ६० वर डोळ्यात चमचम करायचा म्हणून आपण ८५ ला लावायचो, तो धसका अजून आहे. एलसीडीत तसं नसतं, ६० ला चित्र स्थिर राहतं. १०० मिळाला तर स्क्रोल गुळगुळीत होतो, चांगलं आहे, पण त्यासाठी पिक्सेल सोडू नका.

एलसीडी पॅनलमध्ये आयपीएस आणि व्हीए असे प्रकार येतात, त्यातलं आयपीएस घ्या, विषय संपला. व्हीए चा काळा रंग जास्त गडद असतो, ३००० ला १ च्या आसपास कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक), आयपीएसचा साधारण १००० ला १, पण व्हीएत गडद भाग सरकताना मागे सावली ओढत जातो आणि आमचं तर सगळं पांढरं पान. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) भाच्याकडे आहे, सिनेमाला खल्लास, पण दिवसभर एकाच जागी टास्कबार आणि टूलबार ठेवणाऱ्याला त्याची खूण उमटायची भीती, शिवाय अक्षराच्या कडेला रंगाची बारीक किनार दिसते. खोक्यावर एचडीआर ४०० चा (जास्त उजळ-गडद चित्राचा) स्टिकर असेल तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

स्टँडकडे मात्र कोणी बघत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं खालच्या काचेतून दिसतं, मॉनिटर उंच असला की मान वर करून वाचायचं, संध्याकाळी मानेचा दगड. खाली-वर होणारा स्टँड हवाच, नसेल तर निदान मॉनिटरच्या मागे टेबलाला अडकवायचा हात (आर्म) बसवायची चार भोकं आहेत का बघा.

सध्या अंदाजे २४ फुल एचडी १० हजारांच्या आतबाहेर, २७ क्यूएचडी १५ ते २० हजार, फोर-के २० च्या पुढे. मी २७ इंची फोर-के घेतला, १७५ टक्क्यांवर. पेजमेकरच्या जुन्या फायलींसाठी एक सेकंडहँड २४ इंची शेजारी उभा करून लावलाय, महिन्यातून एखाद्या वेळी लागतो, एरवी त्यावर व्हॉट्सॲप उघडं असतं.